उंबरपांगरीची सुधारित लुगडपुनव

एकोणीसशे त्रेसष्ट सालच्या लुगडपुनवेत उंबरपांगरीच्या पुंजाजी गिरणीवाल्याला उत्कृष्ट सोंगाचा पहिला नंबर मिळाला. नामदार साहेबांनी स्वतःच्या हातानं बक्षीस दिलं, टाळ्या पडल्या, फोटोही निघाला.

आता हे झालंच नाही असं समजा. पुंजाजी तसंच समजतो. त्याच्या गिरणीवर दळण घेऊन जाऊन तुम्ही बक्षिसाचा विषय काढलात, तर तो मुकाट्यानं इंजिनाचा पट्टा चढवतो, आणि मग त्या धडधडीत तुमचं तुम्हालाही ऐकू येत नाही. तेव्हा बक्षीस मिळालेलं नाही, नामदार आलेले नाहीत, आणि पुंजाजीला मिशी फुटलेली नाही, तिथून सुरुवात करू.

उंबरपांगरी बुलढाणा जिल्ह्यात, धाड या बाजारगावाच्या पलीकडे, एसटी जिथं सोडते तिथून पुढं तासभर पायी. गावात एक गिरणी, एक शाळा आणि एक देवी. देवीचं नाव उंबराई. चैत्र पुनवेला तिची डोली गावातून फिरते, आणि ती बायांनीच उचलायची असा तिचा हुकूम. हा हुकूम तिनं कधी आणि कोणापाशी दिला याचा कागद नाही. पण फार मागं एकदा पटकीची साथ आली. गावातल्या निम्म्या बाया अंथरुणाला खिळल्या, निम्म्या माहेरी पळाल्या, आणि डोली जागची हलेना. तेव्हा बारा बाप्यांनी बायकांची लुगडी नेसली, कपाळी कुंकू लावलं आणि डोली उचलली. पटकी गेली. देवी फसली की तिनं समजूनउमजून डोळेझाक केली, यावर गावात अजून दोन तट आहेत. पण लुगडपुनव सुरू झाली ती तेव्हापासून. नवसाचे दहा-बारा बाप्ये दरसाल लुगडं नेसून डोली उचलतात. दारोदार बाया त्यांच्या पायावर पाणी घालतात, ओटी भरतात, आणि तेवढा दिवस त्यांना बाईच्याच नावानं हाक मारायची अशी रीत आहे. धोंडोजीची धोंडाबाई होते. संध्याकाळी लुगडी फिटली की धोंडाबाई पुन्हा धोंडोजी होऊन बायकोच्या अंगावर ओरडायला मोकळी.

पुंजाजी यात वीस वर्षांपासून होता. वय बेचाळीस, लग्न नाही. त्याचा नवस कोणता हे कोणी विचारलं नाही, आणि त्याचा नवस कोणता हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याचं त्या दिवसाचं नाव पंचफुला. बाकीच्यांची नावं गावानं पाडलेली. हे एक नाव घरून तयार होऊन आलेलं.

पंचफुलाचं हिरवं लुगडं शेजारच्या गोजरबाईच्या पेटीत असायचं. गोजरबाई साठीची, विधवा, तोंडानं फटकळ. पुनवेच्या सकाळी ती पुंजाजीला पाटावर बसवायची, निऱ्या घालून द्यायची, कुंकू रेखायची आणि हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवायची. "आली गं माय," म्हणायची. दरसाल तेवढंच.

बाकीचे अकरा जण डोली उचलून खिदळत चालायचे. पंचफुला हसत नसे, आणि तिला कोणी हसत नसे. डोलीचा पुढचा डावा दांडा तिचा. ती दारात आली की बाया ओटीत तांदूळ, हळकुंड, खोबऱ्याची वाटी घालायच्या आणि हळूच विचारायच्या, "फुलाबाई, बरी हायेस का?"

"बरी हाये बाई."

एवढंच. एवढ्या शिदोरीवर पुंजाजी पुढचे तीनशे चौसष्ट दिवस काढायचा. त्या दिवसांत तो डोक्यापासून पायापर्यंत पिठानं असा पांढरा असे, की हा बाप्या, बाई की भूत, हे बघायची कोणाला गरज पडत नसे. मिशी तो ठेवत नसे. "मिशीत पीठ बसते," असं सांगायचा. गिरणीवाल्याला पिठातलं जास्त कळणार, म्हणून गावानं कधी हुज्जत घातली नाही.

असं चाललं होतं, आणि चालू राहिलं असतं. पण मध्ये महाराष्ट्र झाला. राज्य नवं, पंचायतीचा कायदा नवा, आणि उंबरपांगरीच्या पंचायतीची इमारत तर इतकी नवी की तिला अजून दारं नव्हती. उद्घाटनाला नामदार साहेब येणार असं पत्र आलं. तारीख पाहिली, तर पुनव.

सरपंच वामनरावांनी सभा बोलावली. वामनराव म्हणजे गावातले सगळ्यात मोठे शेतकरी आणि गावातली सगळ्यात मोठी मिशी. तिचं एक टोक चिखलीकडं आणि दुसरं जालन्याकडं असे. बाजूला शाळेचे हेडमास्तर भगवानराव गुरुजी ठरावबुक उघडून बसले. गुरुजींना ठराव लिहायची इतकी आवड, की घरी पाहुणा आला तरी चहाला अनुमोदक शोधायचे. पुंजाजी मागं, भिंतीला टेकून बसला. त्याच्या पाठीचा पांढरा ठसा नव्या भिंतीवर उमटला, आणि इमारतीत तेवढंच काय ते रंगकाम झालेलं होतं.

"नामदार सायेब नेमके पुनवेलेच येऊन रायले," वामनराव म्हणाले. "अन् पुनवेले आपले बाप्ये लुगडं नेसतात. आता हे कसं करावं?"

"दरसाल करतो तसंच," एक जण म्हणाला.

"दरसाल नामदार येतात का बे?"

गुरुजी उभे राहिले. "सीमेवर चीन उभा आहे," ते म्हणाले. दोघा-तिघांनी दाराकडं पाहिलं. दार नव्हतंच. "देशावर असा प्रसंग असताना एका गावचे मर्द लुगडी नेसून हिंडतात, ही बातमी चीनला लागली तर?"

"कोन नेईन गुरुजी? आपल्याकडं पोस्टमन बी आठ दिवसातून एकदा येते."

"शत्रूचे कान सगळीकडे असतात."

"मंग बंदच करा."

"बंद करा अन् पटकी येऊ द्या," कोपऱ्यातून एक म्हातारा म्हणाला. "चीन लांब हाये. पटकी येशीतून येते."

चीन आणि पटकी यांच्यामध्ये गाव दोन तास लोंबकळलं. पुंजाजी एकदा या बाजूला बघायचा, एकदा त्या बाजूला. आयुष्यात पहिल्यांदा तो मनापासून पटकीच्या बाजूनं होता.

तेवढ्यात बाहेरून गोजरबाई म्हणाली, "लुगडी आमची, देवी आमची. एकदा आमाले बी इचारा ना!"

"गोजरबाई, हे बायायचं काम नाई," वामनराव म्हणाले.

"मंग लुगडं काऊन नेसता?"

ठरावबुकात गुरुजींनी लिहिलं, "उपस्थित महिलांनी सहमती दर्शवली."

शेवटी तोड गुरुजींनीच काढली. लुगडपुनव बंद करायची नाही, सुधारायची. म्हणजे देवीचाही मान राहील आणि देशाचाही. नियम होत गेले तसतसा गुरुजींना हुरूप चढत गेला. लुगडं धोतरावर नेसायचं, आणि खालून वीतभर धोतर दिसलं पाहिजे. चाल कवायतीची, डावा-उजवा. दर वीस पावलांना चीनचा निषेध. नामदार साहेब हसल्यावर हसायचं, आधी नाही. उत्कृष्ट सोंगाला बक्षीस. ओटी भरण्याचा कार्यक्रम वेळेअभावी तीन घरांपुरता. आणि सातवा नियम खुद्द वामनरावांनी सुचवला.

"माणूस हाये हे लांबून समजलं पायजे. उद्या फोटो छापून आला अन् लोकायले वाटलं का या बायाच हायेत, तं काय उपयोग?"

"मग मिशी," गुरुजी म्हणाले. "मिशी सक्तीची."

ठराव एकमतानं पास झाला. एकमत म्हणजे पुंजाजीचा हात वर होता. तो वरच्या ओठाकडं चालला होता, पण गुरुजींनी मोजून टाकला.

दुसऱ्या दिवशी पुंजाजी अंगावरचं पीठ झटकून वामनरावांच्या ओट्यावर गेला. वामनराव आरसा मांडीवर घेऊन मिशीला तेल लावत होते. त्यांनी या साली स्वतःसाठी जरीचं लुगडं सांगितलं होतं. आजवर त्यांनी लुगडपुनवेला घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पण नामदारांच्या शेजारी फोटोत कोण उभं राहणार हा प्रश्न होता, आणि त्यापुढं मर्दानगीचा प्रश्न दुय्यम होता.

"मालक, सातवा नियम मले तेवढा माफ करा," पुंजाजी म्हणाला.

"काऊन? मिशी येत नाई का तुले?"

"येते. पन ठेवत नाई."

"पीठ बसते म्हून? पुनवेले गिरणी बंदच असते ना. मंग?"

वामनरावांनी आरसा खाली ठेवला. ते वाईट माणूस नव्हते, आणि हीच अडचण होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

"पुंजाजी, राग मानू नको. पन तुह्यात एक खोट हाये. धोंडोजी लुगडं नेसला का लोक पोट धरू धरू हासतात. तुले पाहून कोनी हासत नाई. सोंग पाहून हासू आलं पायजे का नाई?"

"पन मी सोंग..." पुंजाजी म्हणाला आणि थांबला. पुढं काय बोलायचं हे त्याला वीस वर्षांपासून ठाऊक होतं. कोणासमोर बोलायचं हे माहीत नव्हतं.

"तेच तं सांगतो. सोंग शीक जरा."

बाहेर पडताना पुंजाजीनं पाहिलं, ओट्याखाली गुरुजी नावं नोंदवत होते आणि रांग लागली होती. दरसाल बारा मिळायची मारामार. या साली चौसष्ट झाले होते. ज्यांनी सभेत बंद करा बंद करा म्हणून घसा कोरडा केला, ते रांगेत पुढं होते. बायकोच्या लुगड्याचा कोणता रंग फोटोत चांगला येतो यावर त्यांचं बोलणं चाललं होतं.

त्या आठवड्यात कचरू गिरणीवर ज्वारी घेऊन आला. कचरूचा बाप पूर्वी डोलीपुढं हलगी वाजवायचा. छप्पन साली त्यांचं घर बौद्ध झालं, त्या दिवशी बापानं हलगी खुंटीला टांगली ती पुन्हा काढली नाही. गावानं दोन वर्षं त्यांना कामावर बोलावलं नाही. तोवर कचरू सातवी पास होऊन धाडच्या बाजारात लिंबाखाली अर्ज लिहायला बसू लागला. लोकांचे अर्ज लिहून लिहून त्याचं बोलणंही थोडं तसंच झालं होतं.

"सदरहू मिशीचं ऐकलं," तो म्हणाला.

"काय करू रे कचरू?"

"सोडून दे पुनव. आमी सोडली. मेलो का?"

"तुमी सोडली, पन तुमाले दुसरीकडं जाग्या होती. सगळे मिळून गेले. बुद्धविहार बांधला. एकमेकायले जयभीम घालता." पुंजाजीनं पाटीत पीठ ओढलं. "मी सोडून कुठं जाऊ? मी ज्या गावाले जाईन, त्या गावाले मी एकटाच हावो."

कचरूनं यावर पुष्कळ विचार केला. त्याच्याकडं जमिनीचा अर्ज होता, विहिरीचा होता, शिष्यवृत्तीचा होता. यासाठी नमुना नव्हता.

"आपल्या घरातच नेस," संध्याकाळी गोजरबाई म्हणाली. "दार लावून घेऊ. मी म्हनीन तुले फुला. रोज म्हनीन."

"दार लावून तं मी रोजच हावो, गोजरामाय," पुंजाजी म्हणाला. "दार उघडं असन् अन् गावानं हाक मारावी, असा एकच दिवस हाये माह्यापाशी."

म्हणून त्यानं मिशी वाढवायला घेतली. आपल्याला मिशी नीट यायचीच नाही, दोन केस फुटतील आणि गुरुजी कंटाळून माफ करतील, असा त्याचा अंदाज होता. पण बेचाळीस वर्षं दाबून ठेवलेल्या त्या मिशीनं जोर केला. महिन्याभरात ती अशी आली की तालुक्यात तोड नाही. काळीभोर, दाट, दोन्हीकडून वळलेली. पीठही बसेना तिच्यावर. घसरून खाली पडायचं.

गाव खूश झालं. "आता शोभतो!" म्हणत माणसं पाठीवर थाप मारू लागली, आणि दर थापेला पिठाचा ढग उठायचा. वीस वर्षांत ज्यांनी त्याला कधी चहा विचारला नव्हता, ते घरी बोलावू लागले. गुरुजींनी शाळेतल्या मोठ्या मुलांना जिद्दीचं उदाहरण म्हणून गिरणीवर आणून मिशी दाखवली. मेहकरकडून एक सोयरीक आली. मुलीचा मामा दोन दिवस राहिला, मिशी पाहिली, गिरणी पाहिली आणि म्हणाला, "माणूस खानदानी दिसते."

बाया मात्र दळण ठेवून लांब उभ्या राहू लागल्या. पूर्वी जातं बिघडल्यापासून सासूपर्यंत सगळं पुंजाजीच्या कानावर घालायच्या. आता पदर सावरून गप्प. मिशीसमोर कोण बोलणार? पुंजाजीनं एकीला विचारलं, "काय पुष्पाबाई, सासू बरी हाये ना?" तर ती दचकली, "हो जी," म्हणाली आणि पीठ न बघता निघून गेली. तिनं जी म्हणायला नको होतं.

पुनव आली. पुंजाजी पाटावर बसला. धोतर होतंच, गोजरबाईनं त्यावर हिरवं लुगडं नेसवलं, बांगड्या चढवल्या, कुंकू रेखलं. मग सवयीनं हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला, आणि बघत राहिली.

"काय गोजरामाय?"

पुंजाजीनं आरसा मागितला. आरशात लुगडं नेसलेला एक खानदानी माणूस होता. पुंजाजीनं डोळे मिटले, उघडले. पुन्हा तोच.

"नाई आली," तो म्हणाला.

"येईन. डोलीपाशी गेल्यावर येईन," गोजरबाई म्हणाली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं ते लगेच ओळखू आलं.

डोलीपाशी नवीनच प्रकार. चौसष्ट उमेदवार आणि दांडे चार, म्हणून भांडण नको असं ठरून डोली बैलगाडीत ठेवली होती. देवी बैलांच्या भरवशावर, आणि तिला उचलायला लुगडी नेसलेले चौसष्ट जण मोकळ्या हातांनी मागं, चार-चारच्या ओळीत. पुंजाजीचा डावा दांडा गाडीच्या बाहेर निघालेला होता. चालता चालता त्यानं त्याला हात लावून पाहिला. "लाईनीत या!" गुरुजी शिटी वाजवून म्हणाले.

डावा-उजवा सुरू झालं. त्रेसष्ट जणांना जमलं. पुंजाजी डावा उचलायचा, पण एकदा लुगडं नेसलं की त्याचे पाय वीस वर्षांच्या वळणावर चालू लागायचे. त्यांना ठराव कोणी वाचून दाखवला नव्हता. निऱ्या सांभाळत, पदर खांद्यावर घेत, पंचफुलाची ती सावकाश चाल, आणि वर ती मिशी.

मांडवात बसलेल्या नामदारांची नजर गेली. त्यांनी मान पुढं केली. आणि ते हसले.

नियमाप्रमाणं मग गाव हसलं. आधी शेजारी जरीच्या लुगड्यात बसलेले वामनराव, मग गुरुजी, मग ओळीतले त्रेसष्ट जण. चीनचा निषेध राहून गेला. लोक पारावर चढले, एकमेकांना कोपर मारू लागले. बाया पदर तोंडाला लावून वाकल्या. वीस वर्षं ज्या चालीला कोणी हसलं नव्हतं, ती तीच चाल होती, आणि तिच्यात एवढी गंमत होती हे आजवर आपल्या लक्षात कसं आलं नाही, याचंच गावाला नवल वाटत होतं.

ओटीच्या तीन घरांत पुष्पाबाईचं घर होतं. पुंजाजी दारात उभा राहिला, त्यानं लुगड्याचा ओचा पुढं केला. पुष्पाबाईनं सूप उचललं, वर पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. तांदूळ ओच्यात पडायचे ते उंबऱ्यावर सांडले.

पुंजाजी थांबला. "बरी हाये बाई" हे त्याच्या ओठांवर तयार होतं, मिशीच्या खालीच. त्यानं वाट पाहिली. मागून ओळ ढकलत होती. प्रश्न आलाच नाही.

मग बक्षीस. नामदार साहेब प्रेमळ माणूस होते. त्यांनी त्याचा हात हातात धरला, लाउडस्पीकरचा माईक त्याच्या तोंडाशी नेला आणि विचारलं, "काय नाव तुमचं?"

पुंजाजीनं समोर पाहिलं. सगळं गाव होतं. असं सगळं गाव एका जागी, गप्प होऊन, त्याच्या नावाची वाट बघत आहे, असं पुन्हा कधी होणार नव्हतं हे त्याला कळलं.

"पंचफुला," तो म्हणाला.

लाउडस्पीकरमधून ते नाव शाळेवर, गिरणीवर, देवळावर गेलं आणि पार शिवेवरून परत आलं. नामदार साहेब एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. गावानं तर ताळच सोडला. एक गोजरबाई तेवढी हसत नव्हती. ती मांडवाच्या खांबाला धरून उभी होती, आणि पाहणाऱ्याला वाटावं की खांब पडेल म्हणून धरला आहे.

बक्षिसं गुरुजींनी पुरुषांच्या उपयोगाची म्हणून निवडली होती. पहिल्या नंबराला दाढीचं सामान होतं. कागदी खोक्यात नवं रेझर, ब्रश, साबणाची वडी आणि एक छोटा आरसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंजाजीनं खोकं उघडलं आणि त्याच रेझरनं मिशी काढली. मग त्या छोट्या आरशात पाहिलं. एका वेळी चेहऱ्याचा एकच तुकडा दिसायचा. ओठ दिसला, गाल दिसला, डोळा दिसला. पंचफुला कुठल्याच तुकड्यात नव्हती. पुंजाजीही नव्हता. त्यानं गिरणी चालू केली.

दुपारी गुरुजी आणि वामनराव धावत आले.

"काय केलं बे हे!" वामनरावांचा आवाज भरून आला होता. "नामदार सायेब पुढच्या साली पुन्हा येऊन रायले. तुह्यासाठी!"

"विजेती मिशी परस्पर काढता येत नाही," गुरुजी म्हणाले. "ती आता गावाची आहे." त्यांनी कागद काढला. ठरावात लिहिलं होतं, की पुंजाजीनं पुढच्या पुनवेपर्यंत पूर्वीइतकीच मिशी वाढवावी, दरसाल ओळीच्या पुढं चालावं, आणि नाव विचारल्यावर या सालीसारखंच, त्याच आवाजात सांगावं. ठराव एकमतानं पास झाला होता. "हे कायमचं आहे. परंपरा म्हणून."

"अन् नाई आलो तं?"

"न येऊन कसं चालेल?" गुरुजींना खरंच कळेना. "अरे, लुगडपुनव म्हटलं की आता तूच."

बाजारच्या दिवशी पुंजाजी चालत धाडला गेला. लिंबाखाली कचरू बसलेला होता, गुडघ्यावर फळी आणि फळीवर कोरा कागद.

"अर्ज लिहायचा हाये," पुंजाजी म्हणाला.

"कोनाच्या नावानं?"

"सगळ्यात वर कोन असते?"

"आपल्या जिल्ह्यात कलेक्टर सायेब."

"लिही मंग त्यायलेच."

पुंजाजी सांगत गेला आणि कचरू ते अर्जाच्या भाषेत बसवत गेला. मध्ये एकदा त्याची लेखणी थांबली. "याले मंजुरी द्यायची पावर कोनाले असते, मले माहीत नाई," तो म्हणाला. पुंजाजी म्हणाला, "त्यायले बी नसन् माहीत. तू लिही." कचरूनं आजवर शेकडो अर्ज लिहिले होते, पण शाई वाळायच्या आत कागद असा डोळ्यांपासून लांब धरायची वेळ त्याच्यावर आली नव्हती. लिहून झाल्यावर त्यानं तो वाचून दाखवला.

"मेहेरबान कलेक्टर साहेब, बुलढाणा, यांचे सेवेशी.

विषय: वर्षातील एक दिवस परत मिळणेबाबत.

अर्जदार सविनय अर्ज करते की, अर्जदार ही मौजे उंबरपांगरी येथील कायम रहिवासी असून गेली बेचाळीस वर्षे पुंजाजी या नावाचे सोंग एकही खाडा न करता करीत आहे. सदर सोंगाबाबत आजपावेतो कोणाचीही तक्रार नाही. सदर सोंगातून अर्जदारास दरसाल चैत्र पुनवेस एक दिवसाची सुट्टी मिळत असे. ती सुट्टी नियम क्रमांक सात अन्वये बंद झाली असून त्या दिवशी अर्जदारास आता स्वतःचेच सोंग करावे लागते, व ते सर्वांस आवडले आहे.

तरी मेहेरबान साहेबांनी अर्जदारास वर्षातून एक दिवस परत द्यावा. पूर्ण दिवस देणे शक्य नसल्यास सकाळचा भाग द्यावा. पुनव देणे गैरसोयीचे असल्यास सरकारास ज्याचा उपयोग नाही असा कोणताही दिवस चालेल. त्या दिवशी गावातील कोणाही एका इसमाने अर्जदारास न हसता 'बरी आहेस का' असे एकदा विचारावे, अशी संबंधितांस लेखी ताकीद देण्यात यावी, ही नम्र विनंती.

आपली आज्ञाधारक,
पंचफुला, राहणार पुंजाजी गिरणीवाल्याचे घरी."